नारिंगी दिवा आणि दहावीचं वर्ष

“लाइट लागतोय, पण चालू होत नाहीये.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की कुणी मला नावाने हाक मारली तर क्षणभर वाटतं, चुकून दुसऱ्या कुणाला बोलावताहेत. त्याच्या खालोखाल येतं, “लाइटच लागत नाहीये, काल तर लागत होता.” आणि या दोन्हींच्या शेपटाला, मी काही विचारायच्या आधीच, “आम्ही काहीच केलं नाही हं.” काहीच केलं नाही म्हणणाऱ्या माणसाने नक्की काहीतरी केलेलं असतं, असा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव होता. पुढे तो मला थोडा बदलावा लागला. काहीच न केल्यामुळेही यंत्रं बंद पडतात, आणि असंच बंद पडलेलं एक यंत्र माझ्या धंद्यातला सगळ्यात आवडता दिवस घेऊन आलं.

मी रझिया बागवान. मार्केट यार्डापासून हाकेच्या अंतरावर माझं दुकान आहे, आणि हातात धरून खेळायचे गेम मी दुरुस्त करते. म्हणजे दोन्ही बाजूंना बटणं, मध्ये पडदा, आत बॅटरी, अशी ती यंत्रं. मुलं पांघरुणात शिरून खेळतात ती. आमच्या घराण्यात सगळे फळांच्या धंद्यात. अब्बांचा यार्डात गाळा होता, आता तिथे भाऊ बसतो. मी मात्र लहानपणापासून गाळ्यावरचा रेडिओ उघडून बसायची. आयटीआय केलं, हातात सोल्डरिंगची कांडी घेतली ती आजतागायत सोडलेली नाही. दुकानात येणारे लोक अजूनही माझ्या खांद्यावरून आत डोकावतात आणि विचारतात, “भैया आहेत का?” मी सांगते, “भैया डाळिंबं विकतो. गेम असेल तर इकडे द्या.”

बाहेरच्या माणसाला वाटतं, या यंत्रांत सगळ्यात अवघड काय असेल तर पडदा किंवा आतली ती चिप. तसं नाही. माझी निम्मी गिऱ्हाइकं येतात ती दाण्याएवढ्या दिव्यापायी. आपल्या पुण्यात रस्त्यावरच्या भल्यामोठ्या लाल दिव्याला कुणी भीक घालत नाही, पण गेमवरचा हा चिमुकला दिवा लाल झाला की घरादाराची झोप उडते. आणि गंमत अशी, की प्रत्येक कंपनीच्या दिव्याची तऱ्हा वेगळी. एकीचा चार्ज होताना नारिंगी आणि भरला की हिरवा. दुसरीचा चार्ज होताना लागतो आणि भरला की बंदच होतो. तिसरीचा लाल म्हणजे ‘चार्ज होतोय’, चौथीचा लाल म्हणजे ‘चार्ज संपत आलाय, पळा’. लुकलुकायला लागला तर बहुतेक वेळा काहीतरी अडलेलं असतं. यंत्र तापलेलं असेल, वायर ढिली असेल, चार्जर त्याच्या तोलाचा नसेल. कोणता दिवा काय सांगतो हे लिहिलेली पुस्तिका खोक्यात येते. खोकं आपण माळ्यावर ठेवतो आणि पुस्तिकेवर पीठ चाळतो.

शनिवार पेठेतले एक काका होते. गेम नातवाचा, असं ते म्हणायचे. नातू बेंगळुरूला होता आणि गेमवरचे ठसे काकांच्या तपकिरीचे होते, पण आपण कशाला बोला. ते एकदा आले.

“बाई, दिवा विझतो.”

“कधी?”

“चांगला लागलेला असतो. चहा घेऊन येतो तोवर विझलेला.”

“म्हणजे चार्ज पूर्ण झालं, काका. या गेमचा भरला की बंद होतो.”

“झालं, तर झालं म्हणून दिवा लागायला नको? आमच्या इन्व्हर्टरचा हिरवा लागतो.”

“इन्व्हर्टरवाल्यांनी हा गेम केलेला नाही.”

काकांना ते पटलं नाही. महिन्याभरात पुन्हा आले, मग पुन्हा. शेवटी मी गेम चार्जिंगला लावून त्यांना समोर बसवलंच. दिवा गेला, मी गेम चालू केला, पडद्यावर बॅटरी भरलेली दाखवली. काका म्हणाले, “ते कळलं हो. पण आपल्याकडे दिवा विझला की माणूस दचकतो. कंपनीला एवढी साधी गोष्ट कळू नये?” मी म्हटलं, “मग विझला म्हणू नका. शांत झाला म्हणा.” त्या दिवसापासून काका खूश. अधूनमधून फोन करतात. “रझियाबाई, दिवा शांत झाला. काढतो.” काढा म्हणते.

दिव्याबद्दल एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते आणि कुणी ऐकत नाही. दिवा बॅटरीच्या तब्येतीचं नीट काही सांगत नाही. दारातून वीज आत येतेय की नाही आणि कुठे अडतेय का, एवढंच तो सांगतो. आत बॅटरीचं काय चाललंय ते दुसऱ्या खुणांवरून ओळखावं लागतं. खेळता खेळता अचानक बंद पडणं, हाताला चटका बसणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाठ फुगणं. बॅटरी म्हातारी झाली किंवा तिचे हाल झाले की आत वायू धरते आणि टम्म होते. फुगलेल्या बॅटरीला दाबायचं नाही, टोचायचं नाही, ‘बघू अजून चालतेय का’ म्हणून चार्जिंगला तर अजिबातच लावायचं नाही. माझ्या दुकानात एका कोपऱ्यात वाळूची बादली असते. फुगलेली बॅटरी निघाली की आधी तिच्यात. ती वाळू बघून नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, बाईंनी मांजर पाळलंय.

धायरीहून एक ताई अशीच पाठ फुगलेला गेम घेऊन आल्या. मी म्हटलं, दिवा लुकलुकत असेल की किती दिवस, कुणी बघितलं नाही? त्या म्हणाल्या, “दिवा? याला दिवा आहे?” मी बघितलं, तर दिव्याच्या जागी छान मरून रंगाची टिकली. मुलाच्या खोलीत झोपताना उजेड डोळ्यांवर येतो म्हणून त्यांनी आरशावरची एक टिकली काढून त्याच्यावर लावली होती. वर्षभर तो बिचारा टिकलीआडून लुकलुकत होता. मी बॅटरी बदलून दिली आणि टिकली परत दिली. ताईंनी ती माझ्यादेखत कपाळावर लावली आणि म्हणाल्या, “बरी आहे अजून.” त्यांच्या गेमच्या बॅटरीपेक्षा त्या टिकलीचा गोंद टिकाऊ निघाला.

बॅटरी सांभाळायची कशी, हे मला आयटीआयमध्ये शिकवलं त्याहून जास्त अब्बांच्या गाळ्यावर समजलं. फळाचा माल आणि बॅटरी, दोघांनाही उष्णतेचा जाच. दोघांनाही उन्हात उभ्या टेम्पोत विसरून चालत नाही. आणि ठेवायचंच असेल तर पार पिकलेलं ठेवू नये, पार कच्चंही ठेवू नये. बॅटरी महिनोन्‌महिने ठेवायची तर अर्धी भरलेली ठेवावी, गार कोरड्या जागी, आणि अधूनमधून काढून बघावी. अब्बा पिकायला घातलेल्या पेट्या रोज उघडायचे, एकेक आंबा हातात घ्यायचे, परत गवतात ठेवायचे. मी विचारायची, रोज काय बघता? ते म्हणायचे, “रोज बघितलं म्हणून रोज ठीक आहे.” अब्बा गेले, पण हे वाक्य मी गिऱ्हाइकांना अजून ऐकवते.

आता माझ्या धंद्याचा हंगाम सांगते. लोकांना वाटतं दिवाळी. नाही. माझा हंगाम दहावीची परीक्षा संपली की सुरू होतो. आपल्या मराठी घरांत पोरगं दहावीत गेलं की केबल बंद होते, पाहुणे बंद होतात, लग्नकार्यं बंद होतात, आणि गेम कपाटात जातो. आईच्या साड्यांखाली, किल्ली आईच्या पर्समध्ये. जाताना तो रिकामा असतो, कारण जप्तीच्या आदल्या संध्याकाळी पोराने चार्ज संपेपर्यंत खेळून घेतलेलं असतं. मग वर्षभर रिकामी बॅटरी त्या साड्यांखाली. बॅटरी तशी पडून राहिली तरी आतल्या आत थोडीथोडी झिजत असते. आधीच तळाला गेलेली असली तर एक दिवस इतकी खोल जाते की चार्जर लावला तरी दाद देत नाही. मग शेवटचा पेपर होतो, मोठ्या थाटात कपाट उघडलं जातं, आणि दिवा लागत नाही.

“अहो, वर्षभर कुलपात होता. कुणी हातसुद्धा लावला नाही. बिघडेलच कसा?”

“म्हणूनच,” मी म्हणते.

काही वेळा नुसतं चार्जिंगला लावून थांबलं तरी पुरतं. पार उतरलेल्या बॅटरीला दिवा लावण्याइतकाही दम नसतो. अर्धापाऊण तास गप्प राहायचं, मग हळूच तो लागतो. पण परीक्षा संपलेल्या पोराला अर्धापाऊण तास थांबायला सांगणं म्हणजे भुकेल्याला कुकरची शिट्टी मोजायला सांगणं. ते बटणं दाबत सुटतात. काही वेळा मात्र बॅटरी खरंच संपलेली असते. आणि मग मला जे आवडत नाही ते सांगावं लागतं. हल्लीची यंत्रं गोंदाने चिकटवून बंद केलेली असतात, उघडताना काही राहतात, काही जातात. यंत्र गेलं तर दुसरं येतं. आत साठवलेला खेळ, पोराने वर्ष दोन वर्षं रचलेलं गाव, पळवलेल्या गाड्या, ते परत येत नाही. ते सांगताना मला अजून वाईट वाटतं. डॉक्टरांना कसं जमतं कोण जाणे.

तर अशाच एका मार्चमध्ये, भूगोलाच्या पेपरच्या दिवशी, दुकान उघडायच्या आधीच शटरपाशी एक माणूस उभा होता. उंच, मिशाळ, अंगात खाकी शर्ट, आणि दोन्ही हातांत लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी. बाळ धरावं तसं धरलेलं.

“मॅडम, हे पाहा बरं. मले संध्याकाळपर्यंत पायजे. पोट्टीचा आज शेवटचा पेपर हाये.”

त्यांचं नाव गजाननराव. मूळचे अकोल्याकडचे, राहायला वाघोलीला, स्वतः ट्रक चालवायचे. त्या दिवशी गाडी यार्डात लागली होती, रायपूरला न्यायचा गूळ भरायचा होता आणि संध्याकाळी निघायचं होतं. मी फडकं सोडलं. आत गेम होता, आणि गेमवर हळद, कुंकू आणि सुकून चिकटलेल्या अक्षता. माझ्या टेबलावर आजवर खूप काही आलंय. चहा पडलेला, वरण सांडलेला, कुत्र्याने चावलेला. पूजा झालेला गेम पहिल्यांदा आला.

“हे काय?”

“दसऱ्याले गाडीची पूजा केली ना, तवा याचीबी केली. पोट्टीचं दहावीचं वर्ष. म्हटलं, हिनं माह्यापाशी ठेवाले देल्लं, तं आपणबी नीट ठेवलं पायजे.” मग थोडा आवाज खाली आणून म्हणाले, “नारळ फोडला तं पाणीबी शिंपडलं होतं. तिले सांगू नका.”

मी भिंग डोळ्याला लावलं. चार्जिंगची वायर जिथे घुसते त्या खाचेत हिरवट थर, मध्ये कुंकवाचा गाळ आणि अगदी आत एक अक्षत, मोडकी, घट्ट बसलेली. नारळाच्या पाण्यात साखर असते, क्षार असतात. सुकल्यावर धातूला खात बसतात. दसऱ्यापासून मार्चपर्यंत त्यांना भरपूर वेळ मिळाला होता.

“आणि ठेवला कुठे होता?”

“केबिनमंधी. देवाच्या फोटोखाली खण हाये, तिथं. दुसऱ्या कोणाले हात लावू देल्ला नाई.”

विदर्भ, छत्तीसगड, उन्हातली केबिन, काचेमागचा खण. मी डोळे मिटले.

“मधे कधी चार्ज केला?”

गजाननराव दुखावलेच. “चार्ज? मॅडम, मी हातच लावला नाई. पोट्टी म्हणाली होती, बाबा, परीक्षा होईस्तोवर हात लावू नका. शब्द देल्ला होता मी तिले. काल म्हटलं चालू करून ठेवू, तं गाडीच्या चार्जरवर लावला. नारिंगी लाइट लुकलुक लुकलुक झाला, अन्‌ गेला.”

इथे माझा तो जुना अनुभव बदलला. पूजा सोडली तर या माणसाने खरोखर काहीच केलं नव्हतं. दुसऱ्यांचे बाप कपाटाला कुलूप लावतात आणि विसरतात. यांनी वर्षभर डोळ्यांसमोर ठेवला, उदबत्ती ओवाळली, आणि दिलेला शब्द इतका पाळला की बॅटरी त्या शब्दाखाली चिरडली.

मी विचारलं, आत काय आहे? ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, “शेत हाये.”

दोन वर्षांपूर्वी गजाननरावांचा पाय मोडला होता. गाडी उभी, हे घरी. बायको रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला जायची, शाळेतून आलेली वैष्णवी आणि पाय वर टांगलेला बाप, दोघंच घरात. तेव्हा मामाने दिलेला हा गेम. त्यात एक शेतीचा खेळ होता, नांगरायचं, पेरायचं, गाय पाळायची. बापाला शेतीतलं कळायचं, पोरीला बटणातलं. “मी सांगू, आता तूर टाक. ती म्हणे, बाबा, यात तूर नाई, कोबी हाये.” सांगताना ते हसत होते. “तेवढे महिनेच पोट्टीले बाप भेटला, मॅडम. नाईतर मी घरी येतो तवा ती झोपेल राहते. अन्‌ मी निघतो तवाबी.”

मी त्यांना सरळ सांगितलं. शेत बॅटरीत नाही, आतल्या पाटीवर, म्हणजे सर्किटच्या फळीवर आहे. बॅटरी गेली तरी शेत राहील. पण नारळाचं पाणी त्या पाटीपर्यंत पोहोचलं असेल आणि काल लुकलुकताना आत काही जळलं असेल, तर शेतही गेलं. उघडल्याशिवाय कळणार नाही.

“मंग उघडा,” ते म्हणाले, आणि उठून बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना बघवत नव्हतं.

उघडला. बॅटरीने मध्यावर पोट काढलं होतं. कडेने स्पिरिट सोडत, प्लास्टिकची पट्टी सरकवत तिला सोडवली आणि वाळूत निजवली. अक्षत चिमट्याने काढली. मी बागवानाची मुलगी, पण ती अक्षत कचऱ्यात टाकायला हात होईना, कुंडीत टाकली. खाच मऊ ब्रशने घासली, पाटी भिंगाखाली इंच इंच तपासली. एक कोपरा काळपट दिसला, वाटलं, गेलं शेत. पुसून बघितलं तर कुंकू. मी एकटीच मोठ्याने हसले.

नवी बॅटरी घातली, वायर लावली. दिवा नाही. गजाननराव दारातून बघत होते. मी म्हटलं, थांबायचं. ते यार्डात जाऊन गाडी किती भरली ते बघून आले. दिवा नाही. मग एकदा लुकलुकला, आणि गेला. मी वायर बदलून बघितली, तेच. म्हणजे खाच आतून गेलेली. तिचे पाय गंजून एकमेकांना चिकटले होते. ती उपटून नवी बसवायची म्हणजे पाटीला चांगलाच ताप द्यावा लागतो, आणि ताप जास्त झाला तर पाटीवरच्या रेघा उचलल्या जातात. मी त्यांना तेही सांगितलं.

“तुमच्या पोरीचं असतं तं तुम्ही काय केलं असतं?” त्यांनी विचारलं.

“बसवली असती.”

“मंग बसवा.”

मी पाटी हळूहळू तापवायला घेतली. जुनी खाच अलगद सुटून आली, रेघा जागेवर होत्या. नवी बसवली, एकेक पाय टाचला, गार होऊ दिलं. वायर लावली. दिवा लागला. नारिंगी. लुकलुकला नाही. मी दहा वेळा वाकून पाहिलं, तो तसाच लागलेला. गजाननरावांनी दारातूनच गाडीतल्या देवाच्या दिशेने हात जोडले. मला हसू आलं, पण थोडं मलाही जोडावेसे वाटले.

वैष्णवी दुपारी आली. शाळेचा गणवेश, हातात पारदर्शक पॅड, केस विस्कटलेले. बापाने फोनवर पत्ता सांगितला होता, वाघोलीहून बस बदलत आली होती.

“पेपर कसा गेला?” बापाने विचारलं.

“बरा गेला. नकाशा चुकला थोडा. बाबा, हा इथे का आणलाय? बिघडलाय?”

गजाननरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “बॅटरी उतरली होती. पडून राहिली की उतरते.” नारळाचं नाव घेतलं नाही.

“पडून राहिली?” ती बापाकडे वळली. “तुम्ही खेळला नाहीत?”

“तूच म्हणाली होती ना, हात लावू नका.”

“अहो, म्हणाले होते मी. पण तुम्ही ऐकाल असं कुठं वाटलं होतं? आई सांगते चप्पल बाहेर काढा, ऐकता का? डॉक्टर म्हणाले तंबाखू सोडा, ऐकलंत का?” तिचा आवाज चिरकला. “गेम घरात राहिला तर मी खेळेन म्हणून नव्हता दिला मी. एकटीला मजाच येत नव्हती. तुमच्याकडे दिला, म्हणजे तुम्ही तरी रस्त्यात कुठेतरी थांबून खेळाल.”

मी गेम चालू केला आणि तिच्या हातात दिला. तिने शेतीचा खेळ उघडला. उघडेपर्यंतचा तो पांढरा पडदा मला फार लांब वाटला. मग आलं. एक छोटं घर, एक गाय, विहीर, आणि घरापासून पडद्याच्या कडेपर्यंत पिवळंधम्मक गव्हाचं रान. या खेळात आपण बंद केलं की काळही थांबतो. तिने वर्षापूर्वी सगळं रान पेरलं होतं, पाणी घातलं होतं, कापणीला आलं तेव्हा थांबली होती, आणि तसंच बापाच्या हाती ठेवलं होतं.

“सगळं तुमच्यासाठी तयार करून दिलं होतं,” ती म्हणाली. “नुसतं कापायचं होतं.”

गजाननरावांनी खाकी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, बिनदिक्कत, माझ्यासमोर. स्टूल ओढलं, गेम हातात घेतला. ट्रकचं स्टिअरिंग फिरवणारे ते अंगठे बटणांवर मावत नव्हते. पहिल्याच दाबाला त्यांनी गव्हाऐवजी गाईवर विळा चालवला. वैष्णवी ओरडली, मग हसायला लागली, मग तिने वाकून त्यांचा अंगठा धरून योग्य बटणावर ठेवला. दिवा नारिंगी जळत होता, वायर दोघांच्या मधून टेबलापर्यंत गेली होती. चार्जिंग चालू असताना खेळू नये, यंत्र तापतं, हे मी सगळ्यांना सांगते. त्या दोघांना मी काही सांगितलं नाही. माझ्या भावाच्या गाळ्यावरून आलेली द्राक्षं त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा गेम उघडला.

तेवढ्यात गजाननरावांचा फोन वाजला. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून होता. त्यांनी खांदा आणि कान यांच्यात फोन दाबला, नजर पडद्यावरच.

“गाडी भरून झाली असंन तं उभी राहू द्या,” ते म्हणाले. “माह्या इकडं कापणी सुरू हाये.”

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. बहुधा कसली कापणी, असं विचारत असावेत.

“सांगून समजणार नाई,” एवढं म्हणून त्यांनी फोन बंद केला, टेबलावर पालथा ठेवला, आणि लेकीला विचारलं, “विहिरीपलीकडचंबी आजच कापाचं का?”